गुलाबरावांचं पथ्य

गुलाबरावांनी गिला वडा सोडला आणि वजन माझं वाढलं.

बडनेऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून. गुलाबराव रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "साखर आहे. गोड बंद, तळलेलं बंद. नाहीतर अंगठा जाईल." गुलाबराव घरी आले ते साखरेचा डबा घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात. माझ्या बायकोला म्हणाले, "वयनी, हा दुश्मन तुमच्या घरी ठिवा."

दुश्मन आमच्याकडे राहिला, पण संध्याकाळ झाली की गुलाबरावांचे पाय गिल्या वड्याच्या गाडीकडे वळत. मला सोबत न्यायचे, एक प्लेट सांगायचे, ती माझ्या हातात द्यायचे आणि समोर उभे राहायचे.

"कसा लागून राहिला?"

"चांगला आहे."

"चांगला म्हंजे काय? दही आंबट हाय का गोड? वडा आतपर्यंत भिजला का? नीट सांग ना बाप्पा, नुसता गिळू नोको."

मी सांगायचो. वडा कसा बोट लावताच फुटला, तिखट चटणी कशी मागून येऊन कानापर्यंत गेली. ते डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली व्हायची. वर्णन पसंत पडलं नाही की दुसरी प्लेट मागवायचे. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या पँटा कमरेत बसेनाशा झाल्या. मी कुरकूर केली तर म्हणायचे, "तोंडाची मजा, पायाले सजा. तुहे पाय अजून मजबूत हायेत, तू खा."

एकेकाळी हा माणूस जेवायला बसला की वाढपी कंबर बांधायचे. पुरणपोळी वाटीभर तुपात बुडवून खायची, ती पोळी संपली तरी वाटीत तूप का उरलं म्हणून आणखी एक पोळी घ्यायची, मग पोळी उरली म्हणून तूप. असा त्यांचा हिशेब कधी बरोबरच येत नसे. लोक लग्नाची तारीख ठरवताना त्यांना विचारत, कारण ते पंगतीत असले की पंगतीला रंग चढे.

आता तेच गुलाबराव लग्नाला जाताना फडक्यात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी बांधून नेत. यजमान दुखावत, व्याही टकमक बघत. हे भाकरीचा तुकडा मोडून शांतपणे चावत राहत. वर्ष उलटलं, जखम भरली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. त्यानंतर आठवडाभर गुलाबराव गल्लीत दिसेल त्याला चप्पल काढून अंगठा दाखवत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तेल्हाऱ्याजवळच्या त्यांच्या मूळ गावी एक लग्न निघालं. मुलगी त्यांच्या बालमित्राची, नामदेवची. नामदेव दोन वर्षांपूर्वी गेला होता. त्या काळात आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरचा कर्ता माणूस अचानक गेला म्हटलं की कसा गेला, हे कोणी विचारत नसे. गुलाबराव मला घेऊन आदल्या दिवशीच पोचले.

मांडव लहान होता. आचारी नव्हता, शेजारच्या बायांनी मिळून स्वयंपाक केला होता. वरण, भात, पोळ्या, आलू-वांग्याची भाजी आणि गोड म्हणून बुंदी. वऱ्हाड अकोल्याचं. पंगत बसली. नवरदेवाच्या मामांनी पानाकडे पाहिलं आणि पान दोन बोटांनी पुढे सरकवलं.

"नुसती बुंदी? आमच्या इकडे बारशालेही याहून जास्त असते."

शेजारच्या दोघांनीही हात आखडले. नामदेवची बायको, कुसुमबाई, पोळ्यांची टोपली घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. वऱ्हाडी न जेवता उठले, तर ते मुलीला जन्मभर ऐकावं लागणार होतं.

गुलाबराव कोपऱ्यात फडकं सोडत होते. त्यांनी ते पुन्हा बांधलं, माझ्याकडे दिलं आणि जाऊन बरोब्बर मामांच्या शेजारी मांडी ठोकली.

"बुंदी वाढा."

मी मागून त्यांच्या कानाशी लागलो, "गुलाबराव, अंगठा."

"अंगठ्याले म्हनाव, आज सुट्टी."

पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले. वर्षभराच्या वर त्यांच्या तोंडात साखरेचा कण गेला नव्हता. मग मामांकडे वळून म्हणाले, "मामासाहेब, बाकीचं तं बाजारात भेटते. असा दाना पाडाले हात लागते. पाहा, एकावानी एक." गुलाबरावांनी दुसऱ्यांदा बुंदी घेतली. "आमच्या बडनेऱ्यात लोक म्हंते, अकोल्याचे मानसं जेवाले कच्चे. मी म्हनतो तसं नसन. पन आज पाहून राहिलो तं..."

"कोन म्हंते?" मामा म्हणाले.

"लोक म्हंते. मी नाई म्हनत."

मामांनी पान जवळ ओढलं. "वाढा इकडे."

मग जे झालं ते त्या गावात अजून सांगतात. गुलाबराव घेत, मामा घेत. मामा घेत म्हणून त्यांचे भाऊ घेत. बाया बुंदीची घमेली घेऊन पळू लागल्या. अर्ध्या तासात मामा मागे रेलून पोटावरून हात फिरवत होते आणि म्हणत होते, "बुंदी इकत नाही भेटत अशी, खरी गोष्ट हाय." कुसुमबाईच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा रंग आला.

मुलगी सासरी गेली. मांडव रिकामा झाला. आम्ही निघणार, एवढ्यात गुलाबराव थांबले. कुसुमबाई खांबाला टेकून बसली होती.

"वयनी, तुमी जेवल्या का?"

"जेवीन ना भाऊजी. भूकच नाई."

"सकायपासून नाई जेवल्या तुमी. मी पाहून राहिलो."

ते आत गेले. बुंदीची घमेली रिकामी झाली होती, तीही त्यांच्यामुळेच. एकेका घमेल्याच्या तळाशी चिकटलेला चुरा त्यांनी उलथण्यानं खरवडून काढला. पोळी, भाजी आणि कडेला तो चुरा, असं ताट करून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः समोर उकिडवे बसले.

"नामदेव असता तं त्यानं बसवलं असतं तुमाले," ते म्हणाले. "आता मी हाय. जेवा."

ती खाली मान घालून जेवू लागली. आमची शेवटची गाडी निघून गेली. ताट पूर्ण रिकामं होईपर्यंत गुलाबराव तिथून हलले नाहीत.