तुकडा ठेवण्याची सोय नाही

सक्करदऱ्याच्या देवरावांनी एप्रिलात नात उन्नतीच्या दहावीच्या अभ्यासासाठी टेबल करायचे ठरवले आणि आठ बाय चारच्या सहा प्लायवूड शीट घरी आणल्या. टेबलाला एक पुरली असती. पण देवरावांनी तेहतीस वर्षे एका कारखान्याचे भांडार सांभाळले होते, आणि ज्यात एकच नग असतो त्याला भांडार म्हणत नाहीत, हे त्यांच्या रक्तात भिनले होते.

अंगणालगतच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्यांची सुतारकामाची हौस चाले. शीट भिंतीला टेकवली तर पोट काढते, आडवी ठेवली तर माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणजे उभा रॅक हवा. तो मजबूत हवा, म्हणून प्लायचाच हवा. बारा शीट मावतील असा रॅक झाला, त्यात चार शीट कामी आल्या. उरलेल्या दोन त्यात उभ्या केल्या, तर लग्नाच्या मांडवात दोनच पाहुणे यावेत तसे दिसू लागले. क्षमता वाया जाऊ नये, म्हणून आणखी दहा आणल्या.

भांडार भरले, पण आता खोलीत शीट कापायला जागा राहिली नाही. अंगणात कापावी तर नागपूरचे ऊन, प्लाय वाकेल. मग पावसाळा लागला, प्लाय फुगेल. दिवाळीनंतर हवा सुधारली, तेव्हा देवरावांनी उन्नतीला रीतसर मागणीपत्र द्यायला सांगितले. बिचारीने दिले, तीन प्रतींत. दुसऱ्या दिवशी ते शेरा मारून परत आले : 'शीट अखंड आहे. कापल्यास तुकडा होईल. तुकडा ठेवण्याची सोय रॅकमध्ये नाही. सबब नामंजूर.'

आता मात्र कौसल्याबाईंचा धीर सुटला. "पोरगी जमिनीवर वाकून वाकून अभ्यास करून राहिली," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् तुमच्या लाकडाले वाक येऊ नये म्हणून तुम्ही जीव टाकून राहिले. काहून आणलं होतं मंग ते?"

"टेबलासाठीच," देवराव शांतपणे म्हणाले. "पण आता सेट झाला हाये. सेट मोडता येत नाही."

रॅकची कीर्ती पसरली. मनीषनगरपासून हौशी मंडळी बघायला येऊ लागली. दाराशी पुस्तके पसरून बसलेल्या उन्नतीला ओलांडून ती आत जात, माप घेत, फोटो काढत. यातून काय बनवणार, असे एकानेही विचारले नाही.

उन्नती पास झाली आणि डिप्लोमासाठी अमरावतीच्या हॉस्टेलवर गेली. तिथून तिने पहिल्याच दिवशी आपल्या टेबलाचा फोटो पाठवला. देवरावांनी फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"प्लाय हलका हाये," ते म्हणाले आणि रॅकवरची धूळ पुसायला गेले.

कौसल्याबाईंनी ही हकिगत शेजारच्या सिंधूताईंना सांगितली. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. चहा कान तुटलेल्या कपांतून झाला. लेकीच्या लग्नात आलेला बारा कपांचा सेट शोकेसमध्ये अखंड होता, पण तो पाहुण्यांसाठी, आणि सिंधूताई पडल्या शेजारच्या.

आपणही हसला असाल. हरकत नाही. आपल्या घरचा सेट कोणत्या पाहुण्यासाठी राखून ठेवला आहे, तेवढे मात्र कळवावे. तीन प्रतींत.