दोन वॉर्डांमधली वेल्डरबाई

आपण बाई आहोत की पुरुष, हा प्रश्न इतका गंभीर आहे, की तो ज्याच्या त्याच्यावर सोडून चालत नाही. आधीच्या सरकारने तो सोडला होता. त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या जोडणारी वेल्डरबाई, जन्माच्या दाखल्यावर मुलगा असूनही, स्वतःच्या सहीने कायदेशीर बाई झाली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. (कायद्यातली मोठी त्रुटी ती हीच.) नव्या सरकारने त्रुटी दूर केली. असे सगळे दाखले रद्द झाले. नवे द्यायला समिती नेमायचं ठरलं.

नेमकी तेव्हाच बाई शिडीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडून बसली.

सरकारी दवाखान्याच्या अधीक्षकांनी न्यायबुद्धीने विचार केला. बाई असल्याचा दाखला रद्द, म्हणून बायकांच्या वॉर्डात जागा नाही. पुरुष असल्याचा दाखला तिने केव्हाच परत केलेला, म्हणून पुरुषांच्याही नाही. खाट मधल्या बोळात लागली. तिथे हवा खेळती होती, बघेही खेळते होते. वेल्डरबाई भिंतीकडे तोंड करून पडून राही. सगळ्यांदेखत भांडं मागावं लागू नये म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं.

तिची आई अधीक्षकांना भेटली. आतल्या बायकांना संकोच वाटेल, असं त्यांनी समजावलं. त्यांना विचारलंत का, असं आईने विचारलं. विचारण्याची तरतूद नव्हती.

हे कानावर गेलं तशा आतल्या हिंडत्याफिरत्या बायका बाहेर आल्या आणि खाट ढकलत आत घेऊन गेल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या शिक्षिकेने पेला पुढे केला.

"आधी पाणी पी, बाई. भांडं मी देते."

वेल्डरबाई पाणी प्यायली आणि पडल्यापासून पहिल्यांदा रडली.

अधीक्षकांनी पक्षपाताचा डाग लागू दिला नाही. त्यांनी सगळ्यांकडेच दाखला मागितला. बाई असल्याचा दाखला एकीजवळही निघाला नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या खाटा बोळात आल्या, वॉर्डाला कुलूप लागलं. तेव्हापासून बायकांच्या वॉर्डात एकाही बाईला संकोच वाटल्याची नोंद नाही. (वरून कौतुकाचं पत्र आलं.)

हाड जुळलं, वेल्डरबाई कामाला लागली. समिती मात्र अजून अपुरी आहे. सदस्याला शिक्षणाची अट नाही. परक्या माणसाच्या अंगाबद्दल मनापासून कुतूहल असलं की पुरे. आणि वेल्डरबाईचं अंग नक्की कसं, हे आता कळेल, मग कळेल, म्हणून तर तुम्ही इथवर वाचत आलात. अर्ज करून टाका.