श्रुतिकाच्या ॲडमिशनचं गाऱ्हाणं

लवू परबांच्या घरी दहावीच्या निकालाचे पेढे संपले, पण भांडण संपेना. श्रुतिकाने अठ्ठ्याऐंशी टक्के मिळवले आणि त्याच दिवशी शांतपणे सांगून टाकलं, की मला आयटीआयला जाऊन फ्रिज-एसीचं काम शिकायचंय. तोवर लवूंनी भांडुपच्या आपल्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर "आमची सायन्सला" असं जाहीर करून टाकलं होतं.

"अगं, एवढे मार्क काढून तू लोकांच्या भिंतीवर चढणार?"

"शिडी असते ना पप्पा."

"आणि लोकं काय म्हणतील?"

"मे महिन्यात म्हणतील, जरा लवकर ये."

ही पोरगी आवाज चढवत नसे, रडत नसे, जेवणावर राग काढत नसे. आपलं म्हणणं मात्र तसूभर सोडत नसे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? कुरियरच्या ऑफिसात दिवसभर पोरांवर ओरडणारे लवू घरी येऊन नुसतेच घामाघूम होत. मोठमोठ्यांना साधत नाही ते त्या सोळा वर्षांच्या मुलीला साधलं होतं, आणि त्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस रविवार. अकरावीचा की आयटीआयचा, ते त्याच दिवशी ठरणार होतं. लवूंनी शेवटचं हत्यार काढलं. सुगंधाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, चंदरमामांना गाऱ्हाणं घालायला बोलावलं. मामांनी देवाकडे मागायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. अख्ख्या मजल्यासमोर श्रुतिका एकदा व्हय म्हणाली, की मग कुठे जाते?

"मोठ्यानं म्हणायचं हां," लवूंनी तिला बजावलं. "आणि देवापुढे व्हय म्हटलं की शब्द फिरवायचा नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"चालेल," श्रुतिका म्हणाली. लवूंना वाटलं, निम्मं काम झालं.

रविवारी सकाळी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला गेला. शेजारच्या नंदाकाकूंसकट सगळा मजला हॉलमध्ये दाटीवाटीने उभा राहिला. लवूंनी मामांना कोपऱ्यात घेतलं.

"मामा, सायन्सचं मागा. तिच्या डोक्यातलं खूळ गेलं पाहिजे."

"देवाक सायन्स काय कळता रे?" मामा म्हणाले. "आमचा गाऱ्हाणा वाडवडलांपासून चलत इला, तसाच घालतलय."

मामांनी हात जोडले आणि आवाज लावला. "बा देवा महाराजा! आज ह्या लेकरान परीक्षा पास करून तुझ्या पायाशी नारळ ठेवलेलो असा, तो मान्य करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मग नंदाकाकूंनी हळूच आपला गुडघा सुचवला, तोही मामांनी घेतला. कोणी पाण्याचं प्रेशर सुचवलं, कोणी सुनेची बदली. प्रत्येक व्हयला जोर चढत गेला. लवू तर रंगात आले होते. लहानपणी गावच्या देवळात ओरडत तसे बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

"ह्या लेकराच्या मनात जा काय असात, ता पुरा कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि तेच्या वाटेत जो कोण आडो येत असात, घरचो असो नायतर दारचो असो, तेका बाजूक कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज लवूंचा होता.

"आता पोरी, मनातला मोठ्यान सांग."

श्रुतिकाने हात जोडले. "देवा, मला फ्रिज-एसीचं काम शिकायचंय. मग माझं स्वतःचं दुकान काढायचंय."

हॉलमध्ये एकेक मान लवूंकडे वळली.

"अहो, मी ते सायन्ससाठी म्हटलं!" लवू म्हणाले.

"भावजी, आम्ही ऐकलं ना," नंदाकाकू म्हणाल्या. "सगळ्यात जोरात तुम्हीच होतात." सुगंधा खोबरं वाटायच्या निमित्ताने आत गेली. ती हसत होती.

मामांना रिक्षात बसवायला लवू खाली गेले. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "मामा, घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येतं का हो?"

"येता मा. परत नारळ ठेवूचो, परत सगळ्यांका बोलवूचा." मामा रिक्षात नीट बसले. "पण देव इचारतलो, आडो कोण इल्लो? तेवा तूच सांग. माका काय ठावक नाय."

लवू वर आले तेव्हा मजल्यावरची मंडळी गेली होती. श्रुतिका मोबाईलवर आयटीआयचा फॉर्म भरत बसली होती. लवूंनी दारात चपला काढल्या. महिनाभर ते या मुलीला सगळं सांगत होते, विचारलं मात्र एकदाही नव्हतं. त्याची त्यांना मनापासून लाज वाटली. ते तिच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी चष्मा लावला.

"एसीत हवा गार कशी होते गं?"

श्रुतिकाने मोबाईल बाजूला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. लवूंना त्यातलं फारसं काही कळलं नाही. पण प्रत्येक वाक्याला ते मान हलवून "व्हय" म्हणत होते.