जमनामाय आणि माझा कान

आडाचं पाणी शेंदण्याआधी जमनामाय कमरेला एक जाड दोर बांधायची आणि त्याचं दुसरं टोक अंगणातल्या निंबाला. त्याच निंबाला तिची म्हैसही बांधलेली असे. नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी खोली बघायला गेले, तेव्हा पहिल्यांदा हेच दिसलं. झाडाच्या एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला घरमालकीण, आणि दोघी माझ्याकडे सारख्याच संशयाने बघताहेत. दोर कशासाठी, असं मी विचारलं. आडाने आत ओढून घेतलं तर काय करायचं, असं तिचं उत्तर होतं. वर म्हणाली, "त्याना काय भरोसा शे?"

हे वाक्य तिच्या तोंडात दिवसातून पन्नासदा यायचं. भरवसा नसलेल्या गोष्टींत आड होता, आरसा होता, छत्री होती, शाळेची घंटा होती. छत्री उघडायची तर अंगणात जाऊन, तोंड फिरवून, हात लांब करून. फटाका उडवावा तशी. हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळावर मिरच्या वाळत पडत, नजर पोचेल तिथवर सगळं लाल. जमनामायला वाटे की एखाद्या दुपारी ऊन जरा जास्त पडलं की हे सगळं एकदम पेटणार. म्हणून चार महिने तिच्या दाराशी पाण्याने भरलेला हंडा तयार असे. मिरच्या काही पेटल्या नाहीत, पण अंधारात त्या हंड्याला अडखळून मी दोनदा पडले.

आता ही बाई दिसायला अशी की लोकांनीच तिला भ्यावं. पंचावन्नची असेल, उंच, रुंद हाडाची. माहेर तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांचं. मिरचीचं पोतं एकटी उचलून पाठीवर घ्यायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, आणि सगळ्यांत जास्त भीती तिला आगगाडीची. शिट्टी झाली की हाताला लागेल ते घट्ट धरायची. कधी दाराची चौकट, कधी म्हशीचं शिंग. एकदा आमच्या शाळेच्या मोठ्या बाई मला भेटायला आल्या होत्या, तर त्यांचा दंड धरला आणि गाडी लांब जाईपर्यंत सोडला नाही. मोठ्या बाई पुन्हा आल्या नाहीत. गाडीत ती जन्मात बसली नव्हती. लोखंडाला माणसाची काय कदर, असं म्हणायची.

मी तिला हसायचे. भावाला लिहिलेल्या पत्रांत तिच्या गमती रंगवून सांगायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे पाळी माझी आली.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची ही गोष्ट. त्या वर्षी दर पंधरा दिवसांनी माझा घसा सुजायचा, ताप भरायचा आणि वर्गात आवाज फुटायचा नाही. शेवटी भाऊ मालेगावहून रजा काढून आला आणि मला सुरतेला घेऊन गेला. तिथल्या एका पारशी डॉक्टरांनी घशातल्या गाठी काढायच्या ठरवल्या. खुर्चीत बसवलं, घशाला कडूजहर औषध लावून तो बधिर केला आणि काय करायचं ते केलं. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. तोंड उघडं ठेवून भिता येत नाही, सगळी भीती डोळ्यांतच साठते, एवढं मला त्या खुर्चीत कळलं. चौथ्या दिवशी भावाने मला नंदुरबारला आणून सोडलं. आई नव्हती, वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि भावाची रजा संपलेली. जाताना तो जमनामायला म्हणाला की हिला गार दूध आणि तांदळाची पातळ पेज द्या, बोलू देऊ नका. मला म्हणाला, काही काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे.

पाचव्या दिवशी सकाळी पेजेचा पहिला घोट गिळला आणि उजव्या कानात कोणीतरी दाभण खुपसलं.

आधी वाटलं, किडा शिरला. मान वाकडी करून कान झटकला. काहीच पडलं नाही. थुंकी गिळली, पुन्हा तेच. दुपारपर्यंत गिळण्याचीही गरज राहिली नाही. कान आपोआप ठणकत होता, जबड्यापर्यंत कळ येत होती, आणि संध्याकाळी डावाही सुरू झाला. आरशात घसा पाहिला तर कालपर्यंत लाल असलेल्या जागी पांढरट बुरशीसारखे चट्टे. तोंडाला वास येत होता. मी ट्रेनिंग कॉलेजात असताना आमच्यातल्या एका मुलीचा कान असाच दुखायला लागला होता. कानामागे सूज आली, पू झाला आणि आठवड्यात ती गेली. तिची खाट माझ्या खाटेच्या शेजारी होती. ती खाट मला सारखी दिसायला लागली. घसा सडला, आता सड कानात चढली, तिथून डोक्यात जाईल, हा हिशेब मी स्वतःच करून टाकला. आणि त्यातून वाचले तरी बहिरी मास्तरीण कोण ठेवणार, हाही.

हे सगळं मी जमनामायला कुजबुजत सांगितलं, आणि तिथेच चुकले. माझी भीती अर्धी होईल असं वाटलं होतं, ती दुप्पट झाली. माझ्या घशात ती आधी बघायलाच तयार होईना. मग दाराबाहेर उन्हात मला उभं करून चार हातांवरून बघितलं आणि खालीच बसली. त्यानंतर तिने माझे कान तपासायला सुरुवात केली. मी भिंतीकडे तोंड करून पडले की मागून हळूच हाक मारायची. मी वळले नाही तर मोठ्याने मारायची. तरी वळले नाही, तर पितळी थाळी फरशीवर टाकायची आणि विचारायची, "ऐकू उनं का?" त्या आवाजाने मेलेलं माणूस उठलं असतं. मी मान हलवली की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. घटकाभराने पुन्हा थाळी.

शेजारच्या मारवाडी दुकानदाराची बायको आली. चांगली बाई. तिने सांगितलं, लसूण घालून तेल कडकडीत करा आणि कानात सोडा, तिच्या सासूचा कान असाच उतरला होता. दुखणं इतकं होतं की मी हो म्हणाले. तेल तापलंही. पण जमनामाय वाटी हातात घेऊन उभी राहिली ती राहिलीच. "तेल मझार जाई," ती म्हणाली. "बाहेर कसं येई?" आणि वाटी घेऊन परत चुलीकडे गेली. पुढे मला कळलं की त्या दिवशी तिच्या भित्रेपणाने माझा कान वाचवला. त्या वेळी मात्र मला तिचा संताप आला. तेलाऐवजी तिने मीठ तव्यावर गरम केलं, फडक्यात बांधलं, आधी स्वतःच्या गालाला लावलं, मग स्वतःच्या कानाला, आणि मग माझ्या. तेवढ्याने थोडं सुसह्य व्हायचं. ती पुरचुंडी निवली की दुसरी तयार असे. दोन दिवस तिने दुसरं काही केलं असेल असं मला आठवत नाही. म्हैससुद्धा ओरडून ओरडून गप्प व्हायची.

सातव्या दिवशी सकाळी मी थुंकले तर थुंकीत रक्त. फार नव्हतं, पण लाल होतं. उजवा कान गच्च भरल्यासारखा झालेला, बाहेरचे आवाज पाण्याखालून यावेत तसे. मी ते फडकं जमनामायला दाखवलं. तिने आरडाओरडा केला नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. तिने उठून ट्रंकेतून चांगलं लुगडं काढलं, पेजेचं मडकं बांधून घेतलं, मिठाच्या दोन पुरचुंड्या घेतल्या आणि म्हणाली, "चाल सुरतले. मी येस तुन्हासंगे."

आम्ही निघालो तेव्हा गल्ली दारात येऊन उभी राहिली. जमनामाय गाडीत बसणार, ही बातमी आमच्या आधी स्टेशनवर पोचली होती. तिकिटं काढली, दोन. फलाटावर ती माझा हात धरून उभी होती. तिचा तळवा ओला होता, की माझा, कोणास ठाऊक. गाडी आली. इंजिन आमच्या पुढून वाफ सोडत गेलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. बायकांच्या डब्याशी आम्ही गेलो, मी आधी चढले. तिने दांडा धरला. एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा फलाटावरच राहिला. मी हात पुढे केला. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ हलत होते. गार्डने शिट्टी दिली. तिने पायरीवरचा पाय खाली घेतला.

"मन्हा पाय उचलाई नही ऱ्हायना," ती म्हणाली. बस एवढंच. मिठाच्या पुरचुंड्या तिने खिडकीतून माझ्या मांडीवर टाकल्या. पेजेचं मडकं तिच्याच हातात राहिलं.

गाडी सुटली. मला राग यायला हवा होता, पण तेवढीही जागा आत उरली नव्हती. नवापूरचं जंगल गेलं, एकेक स्टेशन गेलं. डब्यातल्या बाया बोलत होत्या, त्यांचे ओठ दिसत होते आणि आवाज अर्धाच पोचत होता. मी खिडकीच्या लाकडाला कान टेकवून बसले. गार पुरचुंडी उगाचच धरून ठेवली होती. सुरतेला उतरून टांग्याने दवाखान्यात पोचेपर्यंत माझं दोनदा मनातल्या मनात भावाला शेवटचं पत्र लिहून झालं होतं.

डॉक्टरांनी आधी घसा पाहिला, मग बारीक नळीतून दोन्ही कान. मग त्यांनी विचारलं की भावाने तुम्हाला काही सांगितलं नाही का. कान अगदी स्वच्छ होते. दुखत होता तो घसाच. घशाची आणि कानाची शीर एक असते, म्हणून जखम इथली आणि कळ तिथे, असं त्यांनी समजावलं. ते पांढरे चट्टे म्हणजे सड नव्हे, बऱ्या होत आलेल्या जखमेची खपली. ती सुटायला लागली की थोडं रक्त दिसतं. कान आणखी पाच-सहा दिवस दुखेल, मग आपोआप थांबेल. हे सगळं त्यांनी भावाला गाडीत बसण्याआधी नीट सांगितलं होतं. मी घाबरेन म्हणून भावाने ते मला सांगितलं नव्हतं. तरी खबरदारी म्हणून त्यांनी मला एक दिवस ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं.

परतीच्या गाडीतही कान दुखतच होता, तेवढाच. पण आता तो नुसताच दुखत होता. मला झोप लागली.

नंदुरबारला उतरले तेव्हा दुपार होती. फलाटावर ऊन तापलेलं, माणसं थोडी. मी दाराकडे निघाले आणि समोरून जमनामाय येताना दिसली. ती मला बघत नव्हती. डब्यांच्या खिडक्यांत एकेक करून बघत, गाडीच्या अगदी कडेने, हात डब्यांना टेकवत चालली होती. अंगावर कालचंच चांगलं लुगडं, पण चुरगळलेलं. मी हाक मारू शकत नव्हते. जवळ जाऊन दंडाला हात लावला. तिने आधी माझ्या घशाकडे पाहिलं, मग एका कानाकडे, मग दुसऱ्या. मी कुजबुजले की काही नाही, सगळं ठीक आहे, डॉक्टर म्हणाले. तिने मान हलवली आणि बाकावर जाऊन बसली.

तिथला एक म्हातारा हमाल मला म्हणाला, बाई, यांना आता घरी न्या. कालपासून इथेच आहेत. सुरतेकडून येणारी प्रत्येक गाडी यांनी धुंडाळली, मालगाडीसुद्धा. इंजिन येताना डोळे मिटतात, ते पुढे गेलं की उठून बघत सुटतात. काही खाल्लं नाही.

बाकावर तिच्या शेजारी पेजेचं मडकं होतं, झाकण तसंच बांधलेलं. मी तिच्या बाजूला बसले. मी सुरतेला राहणार हे कोणी तुला सांगितलं नाही, पण म्हणून इथे कशाला बसायचं, घर पाच मिनिटांवर, मी आले असते की घरी, असं मी तिला म्हणाले. थोडी रागावूनच म्हणाले, कारण मला रडायला येत होतं.

ती समोरच्या डब्याकडे बघत होती. बोलली ती नेहमीच्या घाबऱ्या आवाजात नाही, साध्याच. तिच्या नवऱ्यालाही एकदा सुरतेला नेलं होतं, ह्याच गाडीने, दवाखान्यात. नेणाऱ्यांनी तिलाही चल म्हटलं होतं. तिचा पाय उचलला नाही. गाडी गेली. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

"तवय मी घर चालनी गयी व्हती," जमनामाय म्हणाली.

मी तिचा हात धरला. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. समोरची गाडी सुटली, आणि ती जाताना जमनामायने डोळे मिटले तेव्हा मीही मिटले.