सबनीसांची सोळा भोकं

दाराशी आलेलं लांबलचक खोकं मी पडद्याचे रॉड समजून फोडलं. नाव वाचायची तसदी घेतली नाही. आमच्याकडे खोकी येतात ती बायकोचीच. आतून निघाल्या दोन स्की. पुंगोलमध्ये, अकराव्या मजल्यावर. सिंगापुरात बर्फ दिसतो तो हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर, आइस कचांगच्या वाटीत, वर लाल सरबत ओतलेला.

खोकं शेजारच्या सबनीसांचं होतं. चिकटपट्टी लावून नेऊन दिलं, तर त्यांनी स्की खिडकीशी धरून उलटसुलट पाहिल्या.

"नुसतं फोडलंत, की घालूनही पाहिल्यात?"

"घालून जाणार कुठे सबनीस, लिफ्टपर्यंत?"

"सांगता येत नाही."

सबनीसांचा जगावर विश्वास नाही. विमानाचे सुटे भाग तपासण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर तपासायला आम्ही उरलो. "आज गुरुवार," म्हटलं तरी विचारतात, "कशावरून?" शाकाहारी स्टॉलवरच्या बाईला ते कित्येक वर्षं रोज अंड्याबद्दल विचारतात. आता ती त्यांना लांबून पाहूनच ओरडते, "नो एग ला, अंकल."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे ड्रिलचा आवाज सुरू झाला. लगेच थांबला. पुन्हा सुरू, पुन्हा थांबला. संशय संसर्गजन्य असावा. मी जाऊन बेल वाजवली.

हॉलमध्ये दोन स्टुलांवर स्की आडव्या ठेवलेल्या. शेजारी नवी बाइंडिंग, बुटांचा जोड आणि सरावाची फळी, तिच्यावर वाकडीतिकडी भोकं.

त्यांची मुलगी मुक्ता सप्पोरोला नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात ती बर्फात पडली. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग पडताना सुटायला हवं होतं, ते सुटलं नाही. गुडघा गेला. सबनीसांना हे कळलं कुबड्या सुटल्यावर. वहिनी गेल्यापासून ते एकटे असतात, म्हणून तिने सांगितलंच नव्हतं.

"दुकानात बसवलं होतं ते," सबनीस म्हणाले. "या वेळी मी बसवणार. शनिवारी येतेय, घेऊन जाईल."

त्यांनी कागदी साचा चिकटवला. मुक्ताच्या बुटाची मधली खूण स्कीवरच्या खुणेशी जुळवली. तीनदा मोजलं. मग मला मोजायला लावलं आणि मी पट्टी सरळ धरली होती का, ते तपासलं. ड्रिलच्या टोकावर नऊ मिलिमीटरला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्यापुढे गेलं की स्की आरपार, आणि भोक काही बुजवून परत पाडता येत नाही.

सबनीसांनी ड्रिल खुणेवर टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. टोक खुणेभोवती नुसतं घुटमळत राहिलं.

"जोगळेकर," ते स्कीकडेच बघत म्हणाले, "तुम्ही करा."

"मी? अहो, मला खिळा सरळ ठोकता येत नाही."

"कशावरून? हात स्थिर आहे तुमचा. पाहून ठेवलंय मी."

सोळा भोकं पाडली मी. प्रत्येक भोकात त्यांनी टॉर्च मारून पाहिलं, आणि मी प्रत्येक वेळी श्वास रोखून उभा. मग गोंद, मग स्क्रू. स्क्रूही मीच पिळले. सगळं झाल्यावर त्यांनी एक चिठ्ठी लिहून बुटात सरकवली. चार ओळींना बराच वेळ लागला. "मुक्ता, वापरण्याआधी तिथल्या दुकानात यंत्रावर तपासून घे. नीट सुटतंय का ते डोळ्यांनी बघ. बाबा."

"तुमचा तर दुकानावर विश्वास नाही ना?"

"नाहीच. पण माझ्यावर त्याहून नाही." ड्रिल डब्यात ठेवता ठेवता म्हणाले, "माझा हात हलतो, ते तिच्यापाशी बोलू नका. नोकरी सोडून इथे येऊन बसेल."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती.

"शनिवारी बाप-लेकीला चहाला बोलवा," ती म्हणाली. "सबनीसांचा कप मी अर्धाच भरीन."