बिट्टीच्या अंगावर गेलेलं वजन

मागल्या महिन्यात पहिल्या गुरुवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, आमच्या कुंपणातली बिट्टी अंगणवाडीत वजन करायला आली. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून सासूबाईंनी लावलेली. बारमाही हिरवी, पिवळ्या फुलांची. अंगणवाडीच्या अलकाताईंनी तिचं कार्ड केलं. ती अकरा किलो भरली. माझी नऊ महिन्यांची रेवती सात किलो आठशे. मी दोघींच्या मध्ये बसून राहिले. बिट्टीचं बी विषारी, आणि रेवती दिसेल ते तोंडात घालते.

या गुरुवारी रेवती सहा किलो नऊशे भरली. ताप नाही, जुलाब नाही, खाणं नेहमीचं. तिच्यामागून बिट्टी काट्यावर चढली. अकरा किलो सहाशे.

"ताई, हिचं कसं काय वाढलं?"

बिट्टी खिडकीबाहेर बघत होती. तिथंच मला संशय आला.

अलकाताईंनी विचारलं, "बाळाच्या अंघोळीचं पाणी कुठं टाकतेस?"

"बिट्टीच्या बुडाशी. कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून."

"मग वजन तिकडंच गेलं."

"मी मागायला आले नव्हते," बिट्टी म्हणाली.

"नको पण म्हणाली नाहीस. आज घरी चल, कोयताच घालते."

"घाल की," ताई म्हणाल्या. "जेवढी तोडशील तेवढी तुझी पोरगीच तुटेल. त्यापेक्षा दोघींना एकत्र बसव. झाडाचं जुनं वजन वजा करून उरलेलं रेवतीच्या नावावर मांडते."

"आधी हिची फळं काढते."

"फळं त्या वजनातच आहेत बाई."

मग रेवतीला बिट्टीच्या मांडीवर दिलं. रेवतीच्या तोंडावर हात धरून मी उभी राहिले. बिट्टीनं तिला फार सराईतपणे धरलं, तेही मला आवडलं नाही.

ताईंनी आकडा मांडला. सात किलो पाचशे. "अजून तीनशे ग्रॅम कमी आहे. कुठं गेलं?"

बिट्टीनं दाराकडे फांदी केली. दारात सासूबाई होत्या.

"अगं, बायका फांद्या मागत होत्या लावायला," त्या पदर चाचपत म्हणाल्या. "हिरव्यागार राहतात, फुलं बी भरपूर. नाही कसं म्हणायचं?"

"किती जणींना दिल्या?"

"चौघी-पाचजणी असतील. एक परगावची होती. नाव नाही विचारलं बाई मी."

म्हणून हे लिहिते आहे. गेल्या महिन्यात ज्यांनी सावरगावच्या आमच्या कुंपणातून बिट्टीची फांदी नेली, त्यांनी ती छाटू नये. पाणी घालत राहावं आणि पुढच्या वजनाला अंगणवाडीत आणावी. तिला चालता यायला लागलं असेल तर कुणीतरी सोबत यावं, रस्त्यावर वाहनं फार असतात. तुमच्या ओळखीत कुणाच्या दारात नवी बिट्टी दिसली, तर एवढा निरोप त्यांना द्या.