तीन टोळ्या आणि एक कुलूप

"एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या विहिणी मी एका सोफ्यावर बसवल्यात! मला ही तीन टोळकी काय जड आहेत?" असं म्हणून मामांनी टेबलावर मूठ आपटली. कप एवढा उंच उडाला, की खाली येताना त्याला बशी शोधावी लागली!

मामांनी उभा जन्म लग्नं जुळवली होती. आता ते मेहुण्याबरोबर भागीदारीत एक हॉल भाड्याने देत. सोमवारी तिथे स्टार्टअपवाले जमत, बुधवारी व्यापारी आणि शुक्रवारी संगणकांची राखण करणारे सुरक्षावाले. खुर्च्या त्याच, पंखे तेच, पण ओळख शून्य! स्टार्टअपवाल्यांच्या मते व्यापारी म्हणजे गंजके खिळे, व्यापाऱ्यांच्या मते स्टार्टअपवाले म्हणजे फुगे आणि सुरक्षावाल्यांच्या मते सगळेच चोर.

"तिघांची मोट बांधून दाखवाच, भाऊजी," मेहुणा म्हणाला. त्याचा गाद्यांचा धंदा होता आणि गोदामासाठी हॉलवर त्याचा डोळा होता. "रविवारी दुपारपर्यंत तिघांनी मिळून एक तरी काम ठरवलं, तर हॉल तुम्ही म्हणाल तसा चालेल. नाहीतर तिथे माझ्या गाद्या!"

"गाद्या? मी जिवंत असताना? लाव पैज!"

मामांनी तडक सगळ्यांना ईमेल धाडला. 'तातडीचं! सोन्यासारखी संधी! मोफत नाश्ता! खालचं बटण लगेच दाबा!'

'मोफत' वाचून स्टार्टअपवाल्यांनी बटण दाबलं. 'संधी' वाचून व्यापाऱ्यांनी दाबलं. सुरक्षावाल्यांनी मात्र हातही लावला नाही. त्यांच्या धंद्यात असा ईमेल म्हणजे भामट्याचा गळ! तरीही रविवारी ते झाडून सगळे आले. भामट्याला रंगेहाथ पकडायला!

"ईमेल कुणी पाठवला?" त्यांची म्होरकी ताई दारातूनच गरजली.

"मी!" मामांनी छाती पुढे काढली.

"कबुलीसुद्धा देतोय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

सुरक्षावाले एका कोपऱ्यात उभे राहिले. नाव विचारलं तर सांगेनात, सरबत दिलं तर हुंगून परत ठेवीत. दुसऱ्या कोपऱ्यात स्टार्टअपवाली पोरगी कड्या-बिजागऱ्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या शेठना आपलं नवं कुलूप दाखवत होती. चेहरा ओळखून आपोआप उघडणारं! सकाळीच तिनं ते हॉलच्या दाराला बसवलं होतं.

"बघा हं, शेठ!" तिनं आतून दार लावलं. कुलूप खटकन बसलं. मग तिनं तोंड पुढे केलं. कुलूप ढिम्म! ती हसली, रुसली, तिनं केस मागे घेतले. सख्ख्या आईनं ओळख नाकारावी तसं कुलूप गप्प!

आता शौचालय होतं जिन्यापाशी, दाराच्या बाहेर. आणि शेठच्या पोटात मोफत सरबताचे चार पेले होते.

"ताई, तुम्ही उघडा ना हे!" शेठ कळवळले.

"उघडू, असली कुलपं फोडून तपासणं हाच आमचा धंदा. पण मालकिणीची लेखी परवानगी लागेल. नाहीतर चोरात आणि आमच्यात फरक काय?"

"मी नाही देणार!" पोरगी उसळली. "माझं कुलूप फुटतं असं मीच लिहून देऊ? मग शेठ घेतील का ते?"

मामा मागच्या जाड पडद्याला पाठ टेकून मिशीतल्या मिशीत हसत होते. भांडण पेटलं की सोयरीक जवळ आली, हा त्यांचा अनुभव!

शेठ एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले आणि एकदम ओरडले, "अगं बाई, लिहून दे! ताई फोडतील. कुठे कच्चं आहे ते तुला दाखवतील. तू पक्कं कर, मी दुकानादुकानांत विकतो! पण आत्ता लिही!"

पोरीनं लिहिलं. ताईनं लॅपटॉप उघडला, जरा बोटं फिरवली, आणि दार सताड उघडलं. शेठ बाणासारखे सुटले. टाळ्यांचा कडकडाट! सुरक्षावाले सरबतसुद्धा प्यायले!

तेवढ्यात मामांच्या पाठीमागचा पडदा हलला आणि डोक्यावर गादी घेतलेला मेहुणा आत आला.

"भाऊजी, मागचं दार उघडं असताना कुलूप कसलं फोडताय?"

सगळा हॉल मामांकडे वळला.

"हो! ठाऊक होतं मला!" मामा कडाडले. "विहिणीसुद्धा अशाच कोंडून जुळवल्या! काय म्हणणं आहे?"

"आम्हालाही ठाऊक होतं," ताई शांतपणे म्हणाली. "कुठेही गेलो की बाहेरच्या वाटा आम्ही आधी बघतो. पण भामटा त्या दाराला पाठ लावून का उभा आहे, ते बघायचं होतं."

"ते राहू दे," मेहुण्यानं गादी खाली टाकली. "कुलूप उघडणं ही नड झाली, काम नव्हे. पक्कं करणं, विकणं हे शेठ घाईत बोलले. विचारा आता!"

शेठ परत आले होते, भलतेच निवांत. "बघू," ते म्हणाले, "विचार करून कळवतो."

मामांचा चेहरा पडला. मेहुणा गादी पसरायला वाकला.

"थांबा," ताई म्हणाली. "एक काम तिघांनी आत्ताच ठरवू या. यापुढे हॉलचे ईमेल आम्ही लिहायचे. मामांनी कीबोर्डला हात लावायचा नाही. कबूल?"

स्टार्टअपवाल्यांचे हात वर. व्यापाऱ्यांचे वर. सुरक्षावाल्यांचे तर दोन-दोन!

मामांनी सगळ्या हातांवरून नजर फिरवली आणि मिशीला पीळ दिला.

"एकमत! तिन्ही टोळ्यांचं एकमत! बघतोस काय? उचल ती गादी!"